एका पारावरच्या चार पेन्शनी

पेन्शन या एका गोष्टीला आमच्या पिशोरमध्ये निरनिराळी नावे आहेत. निवृत्त गुरुजींना किंवा तलाठ्यांना मिळते ती नुसती 'पेन्शन'. एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना मिळते ती 'पीएफची पेन्शन'. शेतमजुरी करून थकलेल्या आणि तहसीलमध्ये कागद दाखल केलेल्या म्हातारीला मिळतो तो 'निराधारचा पगार'. गेल्या काही वर्षांत यात चौथ्या नावाची भर पडली आहे, ते म्हणजे 'एनपीएस'. ही ज्याला मिळणार आहे, त्यालासुद्धा ती महिन्याला किती बसेल हे आज नेमके सांगता येत नाही.

पिशोर हे कन्नड तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. अंजना नदीचा शेजार, आजूबाजूला मका, कापूस आणि अद्रकाची शेती. अशा गावात संध्याकाळी पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे वय साधारण एकच असते, दुखणी तीच असतात, दुकानदाराचा भावही सगळ्यांना सारखाच असतो. महिन्याची मिळकत मात्र दीड हजारापासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत कुठेही असू शकते. कष्टांत इतका फरक होता का, असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. फरक पडला तो बराचसा तारखांनी. कोण कोणत्या तारखेला नोकरीत लागला, कोण कोणत्या कायद्याच्या छपराखाली आला आणि कोणाच्या वाट्याला नेमणुकीची तारीख कधी आलीच नाही, यावर म्हातारपण ठरले. मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली आणि जुन्या नियमांनी पेन्शन घेतो. तेव्हा या पारावर मी कोणत्या बाजूला बसलो आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ साली तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये बांधून देऊन कानपूरजवळ बिठूरला पाठवले. १८५१ साली बाजीराव वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी पेन्शन पुढे चालू ठेवावी म्हणून अर्ज केला, तो डलहौसीच्या सरकारने नाकारला. वकील म्हणून अजीमुल्ला खान थेट लंडनला जाऊन आला, तरी उपयोग झाला नाही. पेन्शन माणसाला दिली होती, घराण्याला नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. पुढे १८५७ मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मला या प्रकरणातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पेन्शन ही देणाऱ्याची मर्जी की घेणाऱ्याचा हक्क, आणि घेणारा गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय, हे दोन्ही प्रश्न तेव्हाच उभे राहिले होते. पुढची पावणेदोनशे वर्षे आपण त्याच दोन प्रश्नांभोवती फिरतो आहोत.

१८७१ साली इंग्रज सरकारने पेन्शनचा कायदा केला. त्यात या दुहेरी वृत्तीचे चांगले दर्शन घडते. पेन्शनीबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावण्याची वाट त्याने जवळजवळ बंद केली. म्हणजे सरकारशी भांडायची सोय नाही. पण त्याच कायद्याने पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही, असेही सांगितले. म्हाताऱ्याच्या हाती येणारा पैसा कर्जापासून राखला पाहिजे, हे त्या काळातही मान्य झाले होते.

आमचा मुलूख मात्र त्या वेळी इंग्रजांच्या अमलाखाली नव्हता. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे पेन्शनीला 'वजीफा' म्हणत. सरकारी नोकराच्या पेन्शनीचे पूर्ण नाव 'वजीफा हुस्न-ए-खिदमत', म्हणजे चांगल्या सेवेबद्दलचा वजीफा. नावातच तिचा स्वभाव दिसतो. सेवा चांगली झाली असे ठरवणारा सरकार, आणि देणाराही सरकार. याशिवाय मनसब, यौमिया, इनाम अशा कितीतरी नेमणुका होत्या, पण त्या घराण्यांच्या आणि देवस्थानांच्या. खेड्यातल्या साध्या माणसाच्या म्हातारपणाचा आधार म्हणजे जमीन, वतन आणि मुलगा. ज्याच्याकडे यांतले काहीच नसे, त्याने अंगात बळ असेतो राबायचे आणि पुढे भावकीच्या दारी बसायचे. तेव्हा एकत्र कुटुंबात म्हातारी माणसे सुखाने राहत, असे आपण आज मोठ्या आठवणीने बोलतो. ते काही घरांपुरते खरे असेल. पण जमीन म्हाताऱ्याच्या नावावर असली की घरात त्याचा शब्द चाले आणि नावावर नसली की चालत नसे, हेही तितकेच खरे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. सत्ता बदलली, पण हाली सिक्का लगेच गेला नाही. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा हिशेब काही वर्षे चालत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. चार वर्षांच्या आत दोनदा राज्य बदलल्याने नोकरदारांचे नियम, वेतनश्रेणी आणि सेवेच्या नोंदीही बदलत गेल्या. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तकातली एखादी जुनी नोंद जुळली नाही की कागद परत, हा मराठवाड्यातल्या त्या पिढीचा ठरलेला अनुभव.

पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. खेड्यात दर महिन्याला ठरलेला पगार आणणारा माणूस म्हणजे गुरुजी, हे चित्र पक्के झाले ते त्यानंतर. याच सुमारास पेन्शनीच्या इतिहासातला, माझ्या मते सर्वांत मोठा, बदल झाला. केंद्र सरकारने १ जानेवारी १९६४पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना लागू केली आणि राज्यांतही तशीच तरतूद झाली. तोवर साधारण रीत अशी होती की नोकर गेला की पेन्शन गेली. आता नवऱ्यामागे पत्नीला काही रक्कम मिळू लागली. नानासाहेबांना जे मिळाले नाही, ते शंभर वर्षांनंतर एका शिपायाच्या विधवेला मिळाले.

रक्कम लहान होती, पण घरातला तोल त्याने बदलला. जिच्या नावावर कधी विहीर नव्हती, बैल नव्हता, बँकेत खाते नव्हते, तिच्या नावाने पहिल्यांदा पासबुक निघाले. नातवाच्या फीचे पैसे तिच्याकडे मागायला लोक येऊ लागले. सुनेने ताट वाढताना आवाज चढवायचा की नाही, यावरही त्या पासबुकाचा परिणाम झाला. हे कोणत्या अर्थसंकल्पात दिसत नाही, पण गावात ज्याला डोळे आहेत त्याला दिसते.

महाराष्ट्राने आपले नियम एकत्र करून 'महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२' केले. त्यांचा गाभा सोपा होता. पूर्ण तेहतीस वर्षे सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षे झाली असतील तर त्या प्रमाणात. सेवेची अट पुढे शिथिल झाली, निम्म्याचे तत्त्व कायम राहिले. त्यावर महागाई वाढत जाईल तशी वाढ. पेन्शनीचा काही भाग एकरकमी हवा असेल तर अंशराशीकरण करून घेता येते आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होतो. शिवाय निवृत्तीच्या वेळी उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि मृत्यूनंतर कुटुंबाला पेन्शन. या रचनेत जोखीम सरकारची होती. माणूस साठीत गेला काय किंवा नव्वदीपर्यंत जगला काय, बाजार चढला काय किंवा पडला काय, पहिल्या आठवड्यात खात्यावर येणारी रक्कम ठरलेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात निकाल दिला. घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. वाद एका तारखेचा होता. केंद्र सरकारने पेन्शन मोजण्याचे नवे, अधिक उदार सूत्र आणले होते; पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू होते. आदल्या दिवशी निवृत्त झालेला त्यातून बाहेर. न्यायालयाने विचारले, की एकाच प्रकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या लोकांना अशी तारखेची रेघ मारून दोन गटांत विभागण्याला आधार काय? आधार नाही, असे ठरवून न्यायालयाने ती रेघ पुसली. पेन्शन हे सरकारच्या मर्जीने टाकलेले दान नसून आधी केलेल्या सेवेचा पुढे मिळणारा मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावे यासाठीची सामाजिक तरतूद आहे, अशी भूमिका निकालाने घेतली. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. बाजीरावाच्या काळातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, मर्जी की हक्क याचे, त्या दिवशी मिळाले.

मग ही व्यवस्था बदलायची गरज का पडली? या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. सरकारी पेन्शनसाठी वेगळा साठा कोणी केलेलाच नव्हता. आजच्या करातून आजची पेन्शन द्यायची, असा व्यवहार होता. आयुर्मान वाढले, निवृत्तांची संख्या वाढली, आणि १९९० नंतरच्या दशकात पाचव्या वेतन आयोगाने वेतन आणि पेन्शन दोन्हींचा बोजा वाढल्यावर राज्यांच्या तिजोऱ्या वाकल्या. जगातही वारे बदलले होते. चिली देशाने १९८१ सालीच सामूहिक पेन्शन मोडून ज्याच्या-त्याच्या नावाच्या खात्याची पद्धत आणली होती आणि जागतिक बँकेने १९९४च्या आपल्या अहवालात त्याच दिशेचा पुरस्कार केला होता. आपल्याकडे डॉ. एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या 'ओअ‍ॅसिस' समितीने २००० साली अहवाल दिला. असंघटित क्षेत्रातल्या कोट्यवधी लोकांना म्हातारपणासाठी काहीच नाही, त्यांना स्वतःच्या बचतीतून पेन्शन उभारता यावी, हा त्या समितीसमोरचा मूळ प्रश्न होता. प्रत्यक्षात नवी पद्धत सक्तीने लागू झाली ती ज्यांना पेन्शन होती त्यांच्या पुढच्या पिढीला. केंद्राने १ जानेवारी २००४ ही तारीख ठरवली आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५.

ही आपल्या गोष्टीतली दुसरी रेघ. या दिवशी किंवा नंतर नोकरीत लागलेल्याला परिभाषित अंशदान योजना लागू झाली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये मिळवली गेली. कर्मचाऱ्याने मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के भरायचे, तेवढेच सरकारने घालायचे. सरकारचा वाटा पुढे चौदा टक्के झाला. पैसा बाजारात गुंतवायचा. निवृत्तीला साठलेल्या रकमेतले साठ टक्क्यांपर्यंत हातात घ्यायचे आणि किमान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची. ही वार्षिकी हीच पेन्शन.

फरक किती पडतो, ते एका हिशेबाने पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, उशिरा नोकरीला लागलेल्या एकाच्या खात्यात निवृत्तीच्या वेळी वीस लाख रुपये जमले. त्याचे चाळीस टक्के म्हणजे आठ लाख. सहा टक्के दराने वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. त्याचे शेवटचे मूळ वेतन साठ हजार असेल आणि जुन्या नियमांनी त्याची पूर्ण पेन्शन बसत असेल, तर त्याच्याच शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला महिन्याला तीस हजार आणि वर महागाई. हातात आलेले बारा लाख मोजले पाहिजेत, हे बरोबरच आहे. बाजार चांगला असेल आणि सेवा तीस-पस्तीस वर्षांची झाली असेल, तर साठा बराच मोठा होऊ शकतो, हेही मान्य. पण ते बारा लाख खेड्यात कसे खर्च होतात, हे आपण पाहतो. घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, मुलाचे दुकान, विहिरीचे खोदकाम. एकदम आलेला पैसा एकदम जातो. चार हजार मात्र चार हजारच राहतात. पंधरा वर्षांनी गॅसचा आणि औषधाचा भाव कितीही होवो.

२००५ नंतर ऐन उमेदीत लागलेले बहुतेक जण अजून निवृत्त व्हायचे आहेत. बाविसाव्या वर्षी लागलेला गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०४१च्या आसपास घरी बसेल. म्हणून नव्या योजनेचा खरा घाव सर्वांत आधी बसला तो निवृत्तांवर नव्हे, तर नोकरीत असतानाच वारलेल्यांच्या घरांवर. १९६४पासून जी गोष्ट गृहीत धरली गेली होती, ती कुटुंब पेन्शन, नव्या योजनेत नव्हती. तरुण शिक्षक अपघातात किंवा आजारात गेला, तर त्याच्या पत्नीला त्याच्या खात्यात साठलेले पैसे मिळत आणि हिशेब संपे. त्यातही जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमध्ये कपात होते पण हिशेबाच्या पावत्या मिळत नाहीत, अशी शिक्षक संघटनांची तक्रार वर्षानुवर्षे होती. शेवटी ३१ मार्च २०२३ रोजी राज्य सरकारने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान देण्याचा निर्णय काढला. म्हणजे १९६४मध्ये मिळालेले २००५मध्ये गेले आणि २०२३मध्ये परत आले. मधली अठरा वर्षे ज्या घरांनी काढली, त्यांच्याकडे पाहिले की सुधारणा या शब्दाचा जपून वापर करावासा वाटतो.

तो निर्णय सहज झाला नाही. १४ मार्च २०२३पासून राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. २० मार्चला संप मिटला. त्या आठवड्यात शाळा बंद, कचेऱ्या ओस. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे अडले म्हणून शेतकरी चिडलेले. आम्हाला कुठली पेन्शन आहे, असा प्रश्न गावोगावी विचारला गेला आणि त्याला चटकन देता येईल असे उत्तर गुरुजींकडे नव्हते. पेन्शनच्या बदलांचा हा एक परिणाम आकड्यांत कधी सापडत नाही. ज्यांची बाजू खरे तर एकच आहे, अशी माणसे एकमेकांचा हेवा करू लागतात.

शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पारावरच्या उरलेल्या दोघांकडे वळावे लागते. एसटीचा निवृत्त चालक किंवा कारखान्याचा निवृत्त कामगार घ्या. त्यांच्यासाठी १६ नोव्हेंबर १९९५पासून कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिचे सूत्र असे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. वेतनाला मर्यादा होती. २००१पासून साडेसहा हजार, सप्टेंबर २०१४पासून पंधरा हजार. साडेसहा हजारांच्या मर्यादेत तीस वर्षे धरली तर पेन्शन येते सुमारे दोन हजार सातशे ऐंशी रुपये. बारीकसारीक सवलतींनी ती थोडी वाढेल, पण महागाई वाढ तिला नाही. जी रक्कम पहिल्या महिन्याला, तीच शेवटपर्यंत. किमान पेन्शन हजार रुपये करण्यात आली तीसुद्धा सप्टेंबर २०१४मध्ये. या पेन्शनरांच्या देशव्यापी आंदोलनाचे केंद्र आपल्या शेजारच्या बुलढाण्यात आहे. तिथे डिसेंबर २०१८मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेल्या माणसाने सत्तरीत मंडपात येऊन बसावे, ही काही हौसेची गोष्ट नव्हे.

आणि चौथी ती म्हातारी, जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. तिचा मालक रोज बदलत होता, त्यामुळे तिच्या नावावर कोणी काही भरले नाही. महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, हे या राज्याचे खरोखर मोठे पाऊल. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राने राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आणले. तेव्हा केंद्राचा वाटा महिन्याला पंच्याहत्तर रुपये होता. राज्याची श्रावणबाळ योजना पासष्टीपुढच्यांसाठी. तिची रक्कम सहाशेची हजार झाली ती २०१९मध्ये आणि हजाराची दीड हजार २०२३मध्ये. सरकारी पेन्शनरची महागाई वाढ वर्षात दोनदा ठरते. तिची वाढ कधी होईल, याला नियम नाही. निवडणूक आणि अर्थसंकल्प जवळ आले की चर्चा होते. त्यातून उत्पन्नाचा दाखला. वर्षाला एकवीस हजारांच्या आत उत्पन्न, ही अट इतकी वर्षे चालली की मुलगा रोजंदारीवर जाऊ लागला तरी आई अपात्र ठरायची भीती. म्हणजे पेन्शन हक्क असल्याचा निर्णय होऊन चाळीस वर्षे उलटली तरी तिच्यापुरती ती बरीचशी मर्जीच राहिली.

सरकारी नोकरांच्या बाबतीत आता काटा थोडा मागे फिरला आहे. १ नोव्हेंबर २००५पूर्वी ज्या पदांची जाहिरात निघाली पण नेमणूक नंतर झाली, अशा सुमारे सव्वीस हजार कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनीचा पर्याय देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४मध्ये घेतला. २४ ऑगस्ट २०२४ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, किमान दहा वर्षांच्या सेवेला दहा हजार, मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याच्या साठ टक्के, आणि वर महागाईची वाढ. कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात चालूच राहते. चिलीतही असेच झाले. नुसत्या वैयक्तिक खात्यांवर गरीब म्हाताऱ्यांचे भागत नाही, हे लक्षात येऊन तिथल्या सरकारने २००८ साली स्वतःच्या पैशातून आधाराची पेन्शन सुरू केली. बाजारावर टाकलेली जोखीम शेवटी काही अंशी सरकारला परत उचलावी लागते, हा दोन्हीकडचा अनुभव आहे.

हा सगळा इतिहास पाहिल्यावर पेन्शनीची कोणतीही नवी योजना आली की मी तिला चार प्रश्न विचारतो. रक्कम आधी कळते का? ती महागाईबरोबर वाढते का? माणूस गेल्यावर मागच्याला मिळते का? आणि मिळाली नाही तर मागण्याची जागा आहे का? जुन्या पेन्शनीचे चारही प्रश्नांना उत्तर होकारार्थी आहे. एकीकृत योजनेचेही बरेचसे होकारार्थी आहे. मूळ एनपीएस पहिल्या तिन्ही प्रश्नांत कमी पडली. कारखान्याच्या कामगाराची पेन्शन दुसऱ्या प्रश्नापाशी अडते. आणि श्रावणबाळच्या दीड हजाराची रक्कम आधी कळते खरी, पण पुढच्या तीन प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नाही. म्हणून सुधारणेची चर्चा जुनी की नवी एवढ्यावर थांबते तेव्हा मला ती अपुरी वाटते. ज्यांना दोन्ही नाहीत, तेच गावात जास्त आहेत. निराधारच्या रकमेला महागाईशी बांधणे आणि पतीमागे पत्नीचे नाव नव्याने कागद न मागता चढवणे, या दोन गोष्टींना फार मोठी समिती लागू नये.

दर नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत हयातीचा दाखला देतात. आता अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा दाखवून मोबाइलवरही तो देता येतो. निराधार योजनेतल्यांनाही दर वर्षी आपण हयात असल्याचे कळवावे लागते. गुरुजी, चालक, खुरपणारी म्हातारी आणि उद्याचा एनपीएसवाला, चौघांनाही सरकार एकच प्रश्न विचारते, की तुम्ही जिवंत आहात ना? उत्तर चौघांचेही एकच असते. त्यापुढचा प्रश्न, महिना कसा काढता, हा त्या फॉर्मवर अजून छापलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)